तेलाचा हात फिरवण्याआधी

पिस्तुलाला क्रमांक असतो. तो कारखान्याच्या वहीत, पलटणीच्या कोठारात आणि पुढे परवान्याच्या कागदावर उतरतो. शंभर वर्षांनंतरही त्या आकड्याचा माग काढत शस्त्र कुठे बनले, कधी बनले, कोणाच्या हाती गेले हे बऱ्याच अंशी शोधता येते. ते पिस्तूल ज्यात राहिले, त्या चामड्याच्या होल्स्टरला मात्र बहुधा असा क्रमांक नसतो आणि परवानाही लागत नाही. शस्त्र पोलिस ठाण्यात जमा झाले, विकले गेले किंवा वितळवले गेले, तरी होल्स्टर घरातल्या पेटीत, माळ्यावर, जुन्या गणवेशाच्या घडीत पडून राहते. त्याची जी काही नोंदवही आहे ती त्याच्या अंगावरच लिहिलेली असते. ठसा, टाके, कडेची झीज, आतल्या बाजूला उमटलेला शस्त्राचा आकार, पितळी बटणाभोवतीचा डाग, एवढीच तिची पाने. म्हणून अशा वस्तूची किंमत ठरवणे आणि ती जपणे ही दोन वेगळी कामे मानणे मला चुकीचे वाटते. तिची किंमत तिने सांभाळलेल्या पुराव्यात आहे, आणि जतन म्हणजे तो पुरावा न पुसता पुढे नेणे. आपल्याकडे आणि जगभरही जुन्या चामड्याचे सर्वाधिक नुकसान निष्काळजी माणसांइतकेच, कदाचित त्यांच्याहून अधिक, ते ‘छान’ करायला निघालेल्या प्रेमळ हातांनी झाले आहे.

हा मुद्दा पडताळण्यासाठी भारताच्या मातीतले उदाहरण घेऊ. लष्करी आणि पोलिस अधिकाऱ्याच्या कमरेचा रुंद पट्टा आणि उजव्या खांद्यावरून तिरका उतरणारा बंद आपल्या ओळखीचा आहे. तो ‘सॅम ब्राउन बेल्ट’ या नावाने जगभर गेला. सॅम्युएल ब्राउन हा १८२४ साली बराकपूरला जन्मलेला, पंजाबातल्या घोडदळाचा अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी, १८५७ चा उठाव मोडून काढण्याच्या मोहिमेत, रोहिलखंडातल्या सिरपुऱ्याच्या चकमकीत त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. त्या काळी तलवारीचे म्यान कमरेला लोंबते असे आणि तलवार उपसताना ते डाव्या हाताने धरावे लागे. एका हाताच्या माणसाला हे जमणारे नव्हते. तेव्हा म्यान जागच्या जागी घट्ट राहील, पिस्तूल दुसऱ्या बाजूला बसेल आणि सगळा भार खांद्यावरचा बंद पेलेल, अशी रचना त्याने केली. हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांनी ती उचलली आणि १९०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यानेही ती अधिकृतपणे स्वीकारली. त्या पट्ट्यावर सरकवायचे झाकणदार होल्स्टर हा या संचाचाच एक भाग. एका जखमी माणसाच्या गरजेतून निघालेली ही वस्तू अर्ध्या शतकात साम्राज्यभरच्या गणवेशाचा भाग झाली.

ही होल्स्टरे बनली कुठे? काही लंडनच्या कारागिरांकडे, पण मोठा वाटा कानपूरचा. १८६० च्या दशकात तिथे सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली. खोगिरे, पट्टे आणि घोड्यांचा सरंजाम विलायतेहून आणण्याऐवजी इथेच बनवावा, हा तिचा हेतू होता. पुढे १८८० च्या सुमारास कूपर अॅलन ही खाजगी कंपनी आली आणि लष्करी बूट व चामडी सामानासाठी ती प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धात या शहरातून चामड्याच्या मालाचा अखंड पुरवठा होत होता. दुसरीकडे, अधिकाऱ्यांनी आपले पिस्तूल आणि पट्टा स्वखर्चाने घेण्याची प्रथा होती. त्यामुळे दुकानांचीही एक वेगळी साखळी तयार झाली. मुंबईत काळा घोड्याजवळ आजही उभी असलेली आर्मी अँड नेव्ही इमारत त्या व्यापाराची खूण आहे. ज्या मोठ्या सहकारी भांडाराची ती शाखा होती, ते अधिकाऱ्यांना टोपीपासून तंबूपर्यंत सगळे विकत असे. हा फरक होल्स्टर पाहताना फार उपयोगी पडतो. सरकारी मालावर निर्मात्याचे नाव, साल, तपासनिसाची खूण आणि हिंदुस्थान सरकारच्या मालकीचे इंग्रजी ‘आय’ अक्षरासह बाणाचे चिन्ह आढळते. खाजगी खरेदीच्या मालावर दुकानाचा किंवा कारागिराचा नाजूक ठसा असतो, कधी झाकणाच्या आत मालकाची आद्याक्षरे असतात, आणि चामडे व शिवण बहुधा अधिक सफाईदार असते. दोन्हींच्या किमतीचे हिशेब वेगळे, कारण दोन्हींचा इतिहास वेगळा.

ठशाच्याही मागे जायचे तर चामड्याकडेच जावे लागते. कच्चे कातडे सडते. झाडांच्या सालीतले आणि फळांतले टॅनिन त्यात आठवडेच्या आठवडे मुरवले की ते टिकाऊ चामडे होते. उत्तर हिंदुस्थानात यासाठी बाभळीची साल मुख्य होती, दक्षिणेत तरवडाची. आणि हिरडा सगळीकडे. इथे महाराष्ट्राचा धागा खरोखर जुळतो. हिरडा हा आपल्या सह्याद्रीचा आणि मध्य भारताच्या रानांचा माल. विलायतेच्या टॅनऱ्यांकडे जाणाऱ्या हिरड्याचे व्यापारी दर्जे ठिकाणांच्या नावांनी ओळखले जात, आणि जबलपूर व भिमलीपट्टणच्या बरोबरीने त्यांत कोकणातल्या वेंगुर्ल्याचेही नाव होते. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही बाभूळ आणि हिरडा यांच्याच बळावर कमावले जाते. हे काम करणारे हात कोणाचे होते तेही नोंदवले पाहिजे. महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि शिवणकाम चर्मकार समाजाकडे होते. कानपूरच्या कारखान्यांतही प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींमधलेच कामगार होते. ज्या वस्तूला हात लावणे समाजाने विटाळ मानले, तिच्यावर त्यांनी साम्राज्याच्या अधिकाऱ्याची ऐट उभी केली. त्यांची नावे ठशात नाहीत. पण त्यांच्या आरीने पाडलेली छिद्रे आणि ओढलेले टाके अजून त्याच जागी आहेत.

हे सगळे वाचायचे कसे, ते पाहू. पहिली साक्ष आकाराची. वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या मार्क ४ आणि मार्क ५ या प्रकारांची नळी साधारणतः ४ इंचांची होती. मे १९१५ मध्ये स्वीकारलेल्या मार्क ६ ची नळी ६ इंचांची. १९३२ नंतर आलेल्या .३८ एन्फील्डची ५ इंचांची. चामडे वापरात ओलसर होते, वाळते आणि आतल्या शस्त्राचा आकार घेते. सिलिंडरचा फुगवटा, नळीची लांबी, माशीने आतून ओढलेली रेघ हे सगळे त्यात उमटते. म्हणजे शस्त्र समोर नसतानाही ते कोणते होते, याचा चांगला अंदाज करता येतो. दुसरी साक्ष शिवणीची. हातशिवणीत मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांनी प्रत्येक छिद्रातून समोरासमोर जातात आणि आरीची छिद्रे किंचित तिरकी, चौकट-आकाराची असतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्ये अडकवलेले दिसतात. तिसरी साक्ष झिजेची, आणि तिला तर्क असतो. अंगाला घासणारी मागची बाजू, पट्टा जातो तो फासा, शस्त्र काढताना-ठेवताना घासणारे तोंड, खोगिरावर आपटणारे टोक, बटणावर ताणले जाणारे झाकणाचे भोक, झीज याच ठिकाणी असायला हवी. जिथे झिजण्याचे कारण नाही तिथे झीज दिसली, की प्रश्न विचारावा.

बाजार या साक्षींना कसा भाव देतो, याकडे पाहिले तर माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जर्मन लुगर पिस्तुलाचे होल्स्टर घ्या. त्याच्या कडेला जादा मॅगझिनचा खिसा असतो, झाकणाच्या आत छोट्या हत्याराची जागा असते, मागे निर्मात्याचे नाव, साल आणि लष्करी तपासणी खात्याचा ठसा असतो. १९४०-४१ च्या सुमारास निर्मात्याच्या नावाऐवजी सांकेतिक अक्षरे येऊ लागली. जाणकार संग्राहक आधी हे ठसे सुवाच्य आहेत का ते पाहतो, मग बंद, बक्कल, ओढपट्टी, सगळे मूळचेच आहे का ते पाहतो, आणि चकाकी सर्वांत शेवटी. बदललेला बंद, पुन्हा मारलेली शिवण, रंगाचा हात यांनी किंमत घटते, मग वस्तू कितीही नीटनेटकी दिसो. सर्वांवर कडी करते ती वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची अखंड, कागदोपत्री साखळी. ऑगस्ट २०२१ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्या नमुन्याची हजारो रिव्हॉल्व्हरे जगात आहेत. शेरीफ पॅट गॅरेटने कुख्यात डाकू बिली द किडला ज्याने मारले ते हेच, हे दाखवणारी साखळी मात्र या एकाचीच होती. पैसा लोखंडाला मिळाला नाही, पुराव्याला मिळाला. होल्स्टरचा आकडा कितीतरी लहान असेल, पण नियम तोच.

यावर कोणी म्हणेल, पुरावा म्हणजे मूळ अवस्था, मग मधल्या काळात कोणी काही बदल केला असेल तर तो काढून टाकणेच योग्य. हे वरवर पटते, पण अमेरिकन सैन्याच्या एम १९१६ होल्स्टरने त्याला चांगले उत्तर दिले आहे. हे होल्स्टर तांबूस तपकिरी चामड्याचे. झाकणावर ‘यूएस’ अक्षरे दाबलेली, मागे बॉयट, सिअर्स अशा कंत्राटदारांची नावे आणि १९४२ च्या आसपासची साले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सैन्याने तपकिरी चामडे सोडून काळे स्वीकारले, तेव्हा कोठारातली आणि सैनिकांच्या कमरेची जुनी होल्स्टरे काळी रंगवली गेली. आज असे काळे होल्स्टर हाती आले की कित्येकांना तो रंग ‘काढून’ दुसऱ्या महायुद्धाचा मूळ रंग परत आणावासा वाटतो. पण त्या काळ्या थरात एक ठोस माहिती आहे. १९४२ साली बनलेली ही वस्तू त्यानंतर पंधरा वर्षांनीही सेवेत होती. रंग खरवडला की ती माहिती जाते, चामड्याचा वरचा पापुद्राही जातो, आणि हाती येते १९४२ चेही नसलेले आणि १९५७ चेही नसलेले काहीतरी. वस्तूचा इतिहास तिच्या जन्मदिवशी थांबत नाही. सेवेत असताना झालेले बदल तिच्या आयुष्याचा भाग आहेत. सेवा संपल्यावर विक्रीसाठी केलेले बदल नाहीत. ही सीमारेषा पक्की धरली तर बहुतेक निर्णय सोपे होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ठशाला आणि झिजेला इतकी किंमत दिली तर लोक ठसे आणि झीजच बनवतील. तसे होतेच. लुगरच्या आणि अमेरिकन पश्चिमेतल्या होल्स्टरांच्या नकला ढिगाने बनतात, आणि त्यांतल्या काही जुन्या म्हणून विकल्या जातात. पण यातून पुराव्याचे महत्त्व कमी होत नाही. पुरावा एकटा घेऊ नये, एवढेच त्यातून शिकायचे. वस्तू नवी असताना मारलेला ठसा तिच्याबरोबरच म्हातारा होतो. त्याच्या खाचेत मळ बसतो, कडा बोथट होतात, आजूबाजूची झीज त्याच्यावरूनही जाते. जुन्या, वाळक्या चामड्यावर मागाहून मारलेल्या ठशाच्या कडेला पृष्ठभाग बारीक तडकलेला दिसतो आणि तळ ताजा असतो. कापलेली कड भिंगाखाली निळसर-करडी दिसली, तर चामडे क्रोमने कमावलेले असण्याची शक्यता मोठी. तशा चामड्याचे जुन्या लष्करी होल्स्टरमध्ये काम नाही. दोऱ्यावर अतिनील प्रकाश टाकावा. तो झगझगीत निळसर चमकला तर त्यात आधुनिक उजाळक द्रव्य आहे, म्हणजे तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ठसा एक काळ सांगतो, दोरा दुसरा आणि आकार तिसरा, असे झाले की खोटेपणा उघडा पडतो. आणि इथेच अतिउत्साही डागडुजीचा खरा तोटा कळतो. तेल, रंग, पॉलिश आणि नवी शिवण या साक्षी पुसून टाकतात, आणि मग अस्सल वस्तूही नकलेपासून वेगळी सिद्ध करता येत नाही.

आता चामड्याच्या शत्रूंकडे वळू. झाडपाल्याने कमावलेल्या जुन्या चामड्याचा मोठा रोग म्हणजे तांबडी सड. पृष्ठभाग विटकरी लाल होतो, बोटाला भुकटी लागते, पुढे चामडे पापुद्र्यांनी सुटू लागते. कोळसा आणि दिव्यांच्या गॅसमुळे हवेत आलेला सल्फर डायऑक्साइड चामड्यात शोषला जातो, त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि ते चामड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंचे तुकडे करत जाते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीच्या चामड्याच्या या ऱ्हासाची चौकशी करायला समिती नेमली आणि १९०१ मध्ये तिचा अहवाल आला. तिच्या टीकेचे एक मोठे लक्ष्य होते हिंदुस्थानातून येणारे, तरवडाच्या सालीने कमावलेले चामडे. कारण रासायनिक आहे. तरवड आणि बाभूळ यांतले टॅनिन ज्या गटातले, तो गट आम्लवायू सहज धरून ठेवतो. हिरड्यातले टॅनिन दुसऱ्या गटातले असल्याने त्याचे चामडे या रोगाला जास्त तोंड देते. म्हणून दोन होल्स्टरे एकाच वर्षाची, एकाच घरात राहिलेली असूनही एक धडधाकट आणि दुसरे भुकटी होत चाललेले असू शकते. मालकाच्या निगेइतकाच तो कमावणाऱ्याच्या हौदाचा परिणाम असतो. आणि हेही लक्षात घ्यावे की या रोगाने तुटलेले तंतू कुठल्याही उपायाने पुन्हा जुळत नाहीत. उरलेल्याला धरून ठेवणे एवढेच माणसाच्या हाती असते.

इथे सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप येतो. चामडे ही जिवंत वस्तू आहे, तिला खायला घातले नाही तर ती कोरडी पडून मरते, म्हणून तेल लावलेच पाहिजे. खोबरेल, एरंडेल, जनावरांच्या पायांच्या हाडांतून काढलेले नीट्सफूट तेल, लॅनोलिन आणि मेण यांची मिश्रणे, प्रत्येक देशात प्रत्येक घराची आपापली श्रद्धा. ही श्रद्धा निराधार नव्हती. विसाव्या शतकात मोठमोठी ग्रंथालये आणि संग्रहालयेही नियमाने असे लेप लावत. ब्रिटिश म्युझियमचा लॅनोलिन, मेण आणि देवदार-तेलाचा लेप तर जगभर वापरला गेला. पण पुढे तपासणी झाली तेव्हा दिसले की लेपामुळे रासायनिक ऱ्हास थांबत नाही. उलट तेल हवेने खवट होते, चामडे काळवंडते, काही काळाने अधिक ताठ होते, स्निग्धाम्लांचा पांढरा थर वर येतो, धूळ चिकटते आणि बुरशीला खाद्य मिळते. म्हणून आज संग्रहालयांच्या जतनशाळा ऐतिहासिक चामड्याला तेल किंवा लेप न लावण्याचाच सल्ला देतात. या श्रद्धेतला खरा भाग मात्र मान्य करायला हवा. जे खोगीर रोज घोड्यावर चढते, जो पट्टा रोज कमरेला बांधला जातो, त्याला लवचिकता हवीच, आणि त्यासाठी मोजके तेल योग्य आहे. चूक होते ती वापरातल्या चामड्याचा नियम निवृत्त चामड्याला लावताना. पेटीतल्या होल्स्टरला वाकायचेच नाही, त्यामुळे त्याला लवचिकतेची गरजही नाही. खोगिराचा साबण अल्कधर्मी असतो. तो पाण्याबरोबर चोळला की सडू लागलेला भाग कायमचा काळा आणि टणक होतो. साफसफाई म्हणजे मऊ कोरड्या ब्रशने हलकी धूळ झाडणे, आणि बहुतेक वस्तूंना तेवढे पुरते.

तेलाचा आणखी एक परिणाम पितळेवर होतो. बटणाभोवती आणि रिव्हेटभोवती जमणारा हिरवा, मेणचट कळंक हा चामड्यातले स्निग्ध पदार्थ आणि पितळेतले तांबे यांच्या संयोगातून तयार होतो. म्हणजे जितके अधिक तेल, तितका अधिक कळंक, आणि तो वाढत जाऊन चामडे आतून फाडतो. तो लाकडी काडीने हळूच, धातूला न घासता काढावा. ब्रासो लावून पितळ चमकवण्याचा मोह टाळावा, कारण त्या द्रावाचा पांढरा डाग चामड्यात कायमचा बसतो. पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवण्याची सवयही दोघांना मारक आहे. चामडे हवेतला ओलावा धरते, त्यातली आम्ले आणि क्षार पोलादाचा निळसर मुलामा खातात, आणि पोलादावरचे बंदुकीचे तेल चामड्यात मुरते. काडतुसांच्या पट्ट्यातही तेच. दोन्ही वस्तू एकाच कपाटात, पण वेगवेगळ्या ठेवाव्यात. एकत्र छायाचित्र काढून ठेवले की त्यांचे नाते नोंदले जाते.

हवामानाचा प्रश्न आपल्याकडे विलायती पुस्तकांपेक्षा बिकट आहे. चामड्यासाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली, ६५ टक्क्यांपुढे बुरशी वाढते, आणि फार कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांवर किंवा त्याहून खाली येते. या टोकाच्या चढउतारात चामडे फुगते, आकसते आणि तडकते. वातानुकूलित दालन प्रत्येकाला परवडणारे नाही, पण चढउतार मंदावणे सर्वांच्या हातात आहे. बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट, त्यात जाड पुठ्ठ्याची आम्लमुक्त पेटी, आणि हवा कोंडणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीला पूर्ण मज्जाव. होल्स्टरच्या आत आम्लमुक्त कागदाची सैल गुंडाळी भरावी, म्हणजे आकार टिकतो. झाकण मागे मोडू नये आणि बंद घट्ट बक्कल करून ठेवू नये. वर्तमानपत्र भरू नये, त्यातले आम्ल चामड्यात उतरते. आपल्या घरांतली ऊन दाखवण्याची रीत धान्याला आणि गाद्यांना योग्य असली तरी चामड्याला घातक आहे. बुरशी दिसलीच तर वस्तू वेगळी करावी, सावलीत वाऱ्यावर हळूहळू वाळू द्यावी, आणि मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडावी. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पाहणी केली तरी अर्धे संकट टळते.

तरीही कोणी विचारेल, फासा तुटून लोंबतो आहे, शिवण उसवली आहे, भुकटी झडते आहे, तेव्हाही हात बांधून बसायचे का? नाही. पडझड थांबवणे हाही पुरावा वाचवण्याचाच भाग आहे. पण तिथे तीन अटी पाळाव्या लागतात. दुरुस्ती कमीत कमी असावी, पुढे काढून टाकता येण्याजोगी असावी, आणि तिची नोंद असावी. जतनतज्ज्ञ तुटलेल्या भागाला मागून जपानी कागदाचा रंग जुळवलेला आधार देतात. भुकटी होणाऱ्या पृष्ठभागाला ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजने बांधतात, तेही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी करून, कारण चामडे त्याने गडद होऊ शकते. हे घरगुती प्रयोगाचे काम नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे जतन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा आहे. दुर्मीळ वस्तूसाठी अशा ठिकाणचा सल्ला घ्यावा. साध्या वस्तूसाठी मोडलेला तुकडा त्याच पेटीत लेबल लावून जपणे हीच उत्तम दुरुस्ती. गल्लीतला कुशल कारागीर नव्या दोऱ्याने सुंदर शिवण घालील, पण जुन्या कारागिराचे टाके उपटूनच. ज्या अनाम हातांचे मोल आपण सांगतो, त्यांची एकुलती एक सही त्यात जाते.

उरतो तो मूलभूत प्रश्न. साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या कमरेचे, माणसांवर रोखलेल्या शस्त्राचे हे वेष्टन आपण जपायचे तरी कशाला? या प्रश्नामागची वेदना खरी आहे. ज्या मोहिमेत सॅम ब्राउनचा हात गेला, त्याच मोहिमेत उत्तर हिंदुस्थानातली कित्येक गावे होरपळली. पण जपणे म्हणजे गौरव करणे नव्हे. दडपशाहीची साधने नष्ट झाली तर दडपशाहीचा पुरावाही नष्ट होतो, आणि पुराव्याअभावी तिचे गोडवे गाणे सोपे होते. शिवाय हे होल्स्टर साम्राज्याचे आहे, तितकेच सह्याद्रीत हिरडा वेचणाऱ्यांचे, हौदात उभे राहून कातडी कमावणाऱ्यांचे आणि कानपूरच्या कामगारांचेही आहे. कागदावरच्या इतिहासात त्यांना फार थोडी जागा मिळाली. त्यांच्या कौशल्याची मूळ कागदपत्रे म्हणजे त्यांनी बनवलेल्या वस्तू. कायद्याची दृष्टीही ध्यानात घ्यावी. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षे जुनी झाली की ती पुरावशेष ठरू शकते, आणि तिची खाजगी निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या कानपुरी होल्स्टरांनी ही मर्यादा ओलांडली आहे. परदेशी खरेदीदाराला ती पाठवण्यापूर्वी याचा विचार व्हायला हवा.

म्हणून ज्यांच्या घरी असे काही असेल, त्यांनी कपाटाआधी वहीकडे वळावे. दोन्ही बाजूंची, झाकणाच्या आतली, प्रत्येक ठशाची, तुटक्या भागांची छायाचित्रे तिरप्या प्रकाशात काढावीत, म्हणजे पुसट अक्षरेही उठून दिसतात. लांबी, रुंदी, बटणांची संख्या, शिवणीचा प्रकार लिहावा. ही वस्तू घरात कशी आली याबद्दल वडीलधारी मंडळी जे सांगतात ते त्यांच्या नावानिशी आणि तारखेनिशी टिपून घ्यावे, आणि कागदाने सिद्ध झालेले व केवळ ऐकीव असलेले यांचे रकाने वेगळे ठेवावेत. ‘साहेबाने आजोबांना बक्षीस दिले’ ही ऐकीव गोष्टही मोलाची आहे, फक्त ती ऐकीव म्हणूनच लिहिली पाहिजे. सेवापुस्तिका, गणवेशातले छायाचित्र, जुना परवाना हे कागद होल्स्टरशी जोडून ठेवावेत. विकायचे ठरले तर संपूर्ण संच एकत्र जावा, कारण विखुरलेला पुरावा पुन्हा जुळत नाही. एवढे केले की किंमत आपोआप ठरते, मग ती रुपयांतली असो वा इतिहासातली. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही, पण आपला हात आवरण्याचा संयम लागतो. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्याला काहीतरी करत राहावेसे वाटते, आणि ती ओढ मी समजू शकतो. ती ओढ वस्तू समजून घेण्याकडे, तिची नोंद करण्याकडे आणि तिला योग्य हवा-निवारा देण्याकडे वळवली, तर पुढच्या पिढीच्या हाती चकचकीत चामड्याऐवजी एक वाचता येण्याजोगा दस्तऐवज पडेल. ज्या वस्तूला दुसरी कुठलीच नोंदवही नाही, तिच्याबाबत हे आपले साधे कर्तव्य आहे.